पाणी एकाचे, बोट दुसऱ्याची, परवाना कोणाचा?

कोराडीच्या तलावाला मालक आहे. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात आणि त्यांच्या सावलीत पसरलेले ते पाणी या केंद्राच्या कामाचे. १९७४ पासून इथे वीज तयार होते. आज ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच उभे आहेत. त्यांची तहान पेंच प्रकल्पाचे पाणी भागवते आणि नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणीही. जवळच जगदंबेचे देऊळ, नवरात्रात तिथे उसळणारी गर्दी. शहरातले तलाव मूर्तींसाठी बंद होत गेले तशा नागपूरच्या मोठ्या गणेशमूर्तीही विसर्जनाला कोराडीकडे येऊ लागल्या. म्हणजे एकाच पाण्यावर वीज, भक्ती आणि शहराचा उत्सव या तिघांचा वावर.

आता या पाण्यात उद्या कोणी प्रवासी बोट टाकायची म्हटली, तर तिचा परवाना कोण देणार? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधायला निघालेला माणूस बरीच दारे हिंडतो. तलाव वापरू द्यायचा की नाही हे वीज केंद्र चालवणारी महानिर्मिती सांगेल. गर्दी आणि सुव्यवस्थेबद्दल जिल्हाधिकारी आणि पोलीस बोलतील. जलक्रीडेचा व्यवसाय असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागेल, कारण राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले आणि पाण्यावरचे खेळही त्यात आले. पण ही बोट माणसे वाहायला लायक आहे का, तिच्यात किती जण बसावेत, ती चालवणाऱ्याला चालवता येते का, हे तपासून कागदावर लिहून देणारी यंत्रणा मुंबईत आहे. तिचे नाव महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड. १९९६ च्या कायद्याने हे मंडळ स्थापन झाले ते किनाऱ्याच्या गरजेतून. वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी, वेंगुर्ला हे त्याचे बंदरांचे गट. कोराडी, खिंडसी, वेणा, गोसीखुर्द ही विदर्भातल्या जलाशयांची नावे त्या नकाशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला येतात.

विदर्भातल्या बोटींचा आढावा घेताना माझे म्हणणे एकच आहे. आपल्याकडे पाण्याचा ठेका मिळाला की तोच बोटीचा परवाना समजला जातो. ठेका देणारा भाडे बघतो, मुदत बघतो, अनामत बघतो. बोट बघायची कोणी, हे करारनाम्याच्या एखाद्या कलमात 'सुरक्षेची जबाबदारी ठेकेदाराची' एवढ्या ओळीवर सुटते. आणि ज्याच्या धंद्याची मिळकत जास्त माणसे बसवण्यावर अवलंबून, त्यालाच किती माणसे बसवावीत हे ठरवायला सांगितले जाते.

या सवयीचे मूळ जुने आहे. मध्य प्रांतात नदी उतरण्याच्या घाटांना लागू होता तो १८७८ चा उत्तर हिंदुस्थानातील फेरी कायदा. त्यात घाटाच्या उतराईचा लिलाव होई. जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे ठरल्या मुदतीपुरता घाट. होड्या किती असाव्यात, केवढ्या असाव्यात, त्यावर नावाडी किती आणि उतारू किती, याचे नियम करण्याचा अधिकार त्याच कायद्यात होता. पण सरकारच्या तिजोरीत पडायची ती लिलावाची रक्कम. साहजिकच लिलाव नेमाने होत राहिला आणि होडी तपासण्याची बाजू लंगडी पडली. घाट गेले, पूल आले, उतराईच्या जागी सहलीचे तिकीट आले, तरी चाकोरी तीच राहिली.

त्याआधीही विदर्भाने पाणी वाहतुकीचे मोठे स्वप्न पाहिले होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. ब्रिटिश इंजिनिअर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून थेट कापसाच्या मुलखापर्यंत जलमार्ग काढायचा घाट घातला गेला. इंजिनिअर हेग यांनी पाहणी केली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि वर प्राणहितेवरच्या देवलमरी इथल्या खडकाळ उतारांना वळसा घालणारे कालवे आणि बांध बांधायचे ठरले. सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचे ठाणे झाले. १८६२ पासून नागपूरला मुख्य आयुक्त असलेले रिचर्ड टेंपल या योजनेचे कैवारी होते. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली आणि हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. १८७१ मध्ये काम थांबवले गेले. त्या कालव्यांतून नावांची ये-जा सुरू झाली असती तर त्यांची तपासणी, नोंदणी, नावाड्यांची परीक्षा हे सगळे इथे दीडशे वर्षांपूर्वीच उभे राहिले असते. रेल्वेने माल नेला आणि बोटीचे खाते बंद झाले.

ते खाते कागदावर पुन्हा उघडले ते २०१६ साली. राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यात वैनगंगा–प्राणहिता आहे, पैनगंगा–वर्धा आहे आणि राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७२ म्हणून नागपूरची नाग नदीही आहे. नाग नदी शहराचे सांडपाणी वाहून नेते. तिच्यावर मालवाहू बोट दिसण्याचा दिवस जवळ आहे असे तिच्या काठी राहणारा कोणी म्हणणार नाही. जलमार्ग जाहीर करणे एक आणि पाण्यावर माणूस सुखरूप ठेवणे वेगळे.

दुसऱ्या कामासाठी कायदा आहे आणि तो चांगला आहे. १९१७ चा अंतर्देशीय जलयान कायदा शंभर वर्षे चालला. त्यात दाखला मुख्यतः आपापल्या राज्यापुरता. २०२१ मध्ये संसदेने नवा अंतर्देशीय जलयान कायदा केला आणि २०२२ मध्ये त्याखालचे नियम आले. 'अंतर्देशीय जल' म्हणजे काय, याची व्याख्या त्यात ऐसपैस आहे. नदी, कालवा, तलाव, राज्यातले कोणतेही नौकानयनाजोगे पाणी. कोराडीचा तलाव वीज केंद्राच्या मालकीचा म्हणून त्या व्याख्येबाहेर जात नाही. खिंडसी जलसंपदा खात्याचा म्हणून जात नाही, अंबाझरी महापालिकेचा म्हणून जात नाही, पेंचच्या कोलितमाऱ्याची बोटसफर जंगलात म्हणूनही जात नाही. पाणी कोणाचेही असो, यंत्रावर चालणारी बोट या कायद्याची.

अशा बोटीला काय काय लागते? आधी सर्वेक्षण. सर्वेअर बोट पाण्याबाहेर आणि पाण्यात तपासतो, तिचा सांगाडा, इंजिन, पंप, आग विझवायची साधने, जीवरक्षक साधने बघतो आणि दाखला देतो. मग नोंदणी. नोंदणी झाली की क्रमांक मिळतो आणि तो बोटीवर ठळक दिसेल असा रंगवायचा असतो. बोट चालवणाऱ्याला आणि इंजिन सांभाळणाऱ्याला पात्रतेचा दाखला. विमा सक्तीचा, म्हणजे दगावलेल्या आणि जखमी झालेल्या माणसाची भरपाई मालकाच्या खिशावर किंवा मर्जीवर राहत नाही. लाटा किती उंच उठतात त्यावरून पाण्याची तीन क्षेत्रे पाडायची आणि त्याप्रमाणे बोटीच्या बांधणीची अट ठेवायची. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि सक्षम अधिकाऱ्याला कळवायचे. दाखला देशभर चालतो. मोटारीला आरटीओ जे करतो, तेच हे, फक्त आरटीओ प्रत्येक जिल्ह्यात आहे.

या सगळ्यात एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे, कारण परवान्याचा जीव तिच्यात आहे. ती म्हणजे बोटीत किती माणसे, हा आकडा कसा ठरतो. बाकडी मोजून तो ठरत नाही. सर्वेअर बोटीच्या मधोमध उंचावरून एक ओळंबा सोडतो, गवंडी भिंतीला लावतो तसाच. खाली मोजपट्टी. मग ठरावीक वजने बोटीच्या एका कडेला ठेवतात आणि ओळंबा किती सरकला ते वाचतात. वजने दुसऱ्या कडेला नेतात, पुन्हा वाचतात. त्या सरकण्यावरून बोटीचा गुरुत्वमध्य किती उंचावर आहे हे कळते. सगळी माणसे एकाच बाजूला गेली तर बोट किती कलेल, आणि कलल्यावर कडेवरून पाणी आत यायला किती बोटे उरतील, याचे गणित त्यातून निघते. मग जो आकडा येतो तो दाखल्यावर चढतो. वर छत घातले, छतावर माणसे बसवली, सावलीसाठी लोखंडी पाइप जोडले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जुना आकडा खोटा होतो. म्हणून बोटीत कोणताही फेरबदल केला की पुन्हा तपासणी.

हे गणित चुकले की काय होते ते थेक्कडीने ३० सप्टेंबर २००९ ला दाखवले. मुल्लपेरियार धरणाच्या जलाशयात 'जलकन्यका' ही केरळ पर्यटन विकास महामंडळाची दुमजली बोट फिरत होती. काठावर प्राणी दिसले म्हणून प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. ४५ माणसे गेली. वादळ नव्हते, खोल समुद्र नव्हता. कोराडीसारखेच शांत, अडवलेले पाणी होते. तलावाचे पाणी निरुपद्रवी असते ही आपल्याकडची समजूत किती महागात पडते, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. ९ जुलै २०१७, रविवार. नागपूरजवळच्या वेणा जलाशयावर सहलीला गेलेले मित्र बोटीतून पाण्यात गेले, बोट उलटली, आठ जण बुडाले. त्यांच्यातल्या काहींनी बोटीतून फेसबुकवर थेट चित्रीकरण केले होते, आणि तेच हसरे चेहरे दुसऱ्या दिवशी बातम्यांत होते. १४ सप्टेंबर २०२१. अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या श्रीक्षेत्र झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेल्या एकाच गोतावळ्यातले ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चालल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा जणी बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जणांचा जीव गेला.

या चार घटना एका माळेत ओवल्या जातात, पण परवान्याच्या दृष्टीने त्या एकसारख्या नाहीत, आणि इथेच बहुतेक चर्चा घसरते. वेणा ही हौशी सहल, उजनी ही रोजची ये-जा, झुंज हा विधीसाठी आलेला गोतावळा, गणपूर ही मजुरी. उजनीच्या बाबतीत २०२१ च्या कायद्याचे कलम दाखवता येते. गणपूरच्या डोंग्याला इंजिन नव्हते.

बिनयंत्राच्या नावांसाठी नव्या कायद्यात वेगळे प्रकरण आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. अशा नावांची नोंद घेण्याचे, त्यांच्या बांधणीचे आणि सुरक्षिततेचे किमान नियम बघण्याचे काम राज्य सरकार जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरच्या स्थानिक संस्थांकडे देऊ शकते. म्हणजे जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. गावातला डोंगा कोणाचा, तो किती जुना, त्याला तडा गेलाय का, वल्हवणारा कोण, हे मुंबईच्या अधिकाऱ्याला कधीच कळणार नाही. ग्रामपंचायतीला आजही माहीत आहे. ढीवर-भोई समाजातल्या जाणत्यांना तर डोंगा पाण्यात कसा बसतो यावरून त्यात किती माणसे पेलतील ते सांगता येते. ते ज्ञान नोंदवहीत आणायचे, डोंग्याच्या कडेला रंगाने एक रेघ मारायची आणि सांगायचे, पाणी या रेघेपर्यंत आले की पुढचा माणूस नाही. याला पैसे जवळपास लागतच नाहीत.

गणपूरच्या बाबतीत मात्र एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. सकाळी मजुरीला निघालेली बाई रेघ बघून 'मी पुढच्या खेपेला येते' असे म्हणू शकत नाही. उशिरा पोहोचली तर रोज बुडते. तिच्यासाठी नियमापेक्षा आधी चांगली नाव हवी आणि त्याआधी पूल. जिथे माणसे पोटासाठी नदी उतरतात तिथे परवान्याचे कडक नियम एकट्याने आणले तर डोंगा बंद पडेल आणि बायका कमरेएवढ्या पाण्यातून चालत जातील. डोंगेवाल्यावर दंड लावून सरकार मोकळे झाले, असे होता कामा नये. नोंदणीबरोबर जीवरक्षक जाकिटे ग्रामपंचायतीने पुरवायची आणि जुना डोंगा बदलायला मदत करायची, असा तो व्यवहार असावा लागेल.

सहलीच्या बोटीला ही सवलत नको. तिथे कोणाचे रोज बुडत नाही.

आणि नेमके तिथेच वडोदऱ्याच्या हरणी तलावाचे प्रकरण आपल्यासमोर आरसा धरते. १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेची सहल घेऊन निघालेली बोट तिथे उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव महापालिकेचा, चालवायला खासगी ठेकेदाराकडे, बोटीत क्षमतेच्या कितीतरी अधिक माणसे, आणि सगळ्या मुलांना जाकिटे नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने ठेका देताना काय तपासले, हा प्रश्न तिथे जाहीरपणे विचारला गेला. मग त्या राज्याने तलाव-धरणांतल्या लहान बोटींसाठी वेगळे नियम केले. चौदा जण गेल्यावर नियम होणे ही अभिमानाची गोष्ट नाही, पण नियम झाले. महाराष्ट्रात वेणा, झुंज, गणपूर, उजनी एवढे होऊनही आपली चर्चा दर वेळी चौकशी, मदत जाहीर, आणि 'विनापरवाना बोटींवर कारवाई'च्या आदेशापाशी थांबते. विनापरवाना बोटीवर कारवाई करायची तर आधी परवाना मिळण्याची सोय हवी. खिंडसीच्या काठी बोट चालवणारा माणूस उद्या प्रामाणिकपणे म्हणाला की मला दाखला काढायचा आहे, तर त्याला सर्वेअर नागपुरात भेटायला हवा.

दाखला असला म्हणजे सगळे झाले असेही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ माणसे दगावली. धडक नीलकमलच्या चुकीने झाली नव्हती. पण बोटीच्या दाखल्यावर ८४ प्रवासी आणि ६ खलाशी असा आकडा होता आणि प्रत्यक्षात शंभराहून अधिक माणसे होती. मेरिटाइम बोर्ड जिथे हाकेच्या अंतरावर, तिथेही धक्क्यावर माणसे मोजणारा कोणी नसेल तर दाखला कपाटात राहतो. केरळमध्ये ७ मे २०२३ ला तानूरला २२ जण बुडाले, ती तर मासेमारीची बोट बदलून प्रवासी केलेली. केरळकडे हाउसबोटींचा मोठा धंदा, नियमांचा जुना अनुभव आणि स्वतंत्र मंडळ असूनही हे घडले. तरी एक फरक राहतोच. नीलकमलच्या बाबतीत दुसऱ्याच दिवशी 'किती बसायला हवे होते' याला कागदावर उत्तर होते आणि त्यावर बोट ठेवून जबाबदारी विचारता आली. वल्ह्याच्या नावेवर किंवा तलावावरच्या जुन्या मोटारबोटीवर आकडाच रंगवलेला नसतो, तेव्हा चौकशीला धरायला काहीच उरत नाही.

कोणी म्हणेल, फौजदारी कायदा आहे ना. आहे. भाड्याने माणसे नेणारी नाव असुरक्षित असेल किंवा तिच्यात इतका भार असेल की जिवाला धोका व्हावा, तर तो गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत १८६० पासून कलम २८२ म्हणून होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम २८४ म्हणून आहे. पण हे कलम एरवी कोणाला आठवत नाही. रविवारी दुपारी भरलेली बोट सुखरूप परत आली म्हणून कोणी ठाण्यात गेल्याचे मी ऐकलेले नाही. परवान्याचे काम अपघाताच्या आधीच्या सगळ्या रविवारी चालायचे असते.

बाहेरच्या जगातला एक अनुभव इथे कामाचा आहे. इंग्लंडमध्ये जुन्या मालवाहू कालव्यांवर आता अरुंद, लांब बोटी फिरतात, पुष्कळजण त्यांत राहतातही. २०१२ पासून तिथले बहुतेक कालवे 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' ही संस्था सांभाळते. बोटीला परवाना हवा, परवान्यासाठी दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी हवी, विमा हवा आणि बोट कायम कुठे बांधणार ते सांगायला हवे. नसेल सांगायचे तर एका जागी चौदा दिवसांहून अधिक राहायचे नाही. खरी कळीची बाब मरिनांची. मरिना म्हणजे कालव्याला लागून खासगी जमिनीत खणलेला बोटींचा तळ. पाणी खासगी मालकाचे. तिथे बांधून ठेवलेली, महिनोन् महिने जागची न हललेली बोट परवान्यातून सुटते का? बऱ्याच मरिनांच्या करारातच उत्तर आहे. मरिनाला कालव्याशी जोडून घ्यायचे असेल तर आत बांधलेल्या प्रत्येक बोटीकडे परवाना असेल ही जबाबदारी मरिनाच्या मालकाची. बोटवाल्यांनी यावर कुरकूर केली, आम्ही कालवा वापरत नाही तर पैसे का भरू, असे म्हटले. पण बांधलेल्या बोटीतही गॅस असतो, बॅटरी असते, तळातून पाणी झिरपते, आणि एका बोटीला आग लागली तर शेजारची वाचत नाही.

आपल्याला उचलायचे आहे ते त्या कराराचे तत्त्व. पाण्याचा मालक, मग तो वीज केंद्र असो, जलसंपदा खाते असो की महापालिका, ठेका देतानाच लिहून घेईल की सर्वेक्षणाचा आणि विम्याचा दाखला नसलेली एकही बोट या पाण्यात राहणार नाही. चालणारी तर नाहीच, जेटीला बांधलेलीही नाही, तरंगते उपाहारगृहही नाही. तसे झाले तर ठेक्याची रक्कम आणि बोटीची लायकी हे दोन्ही एकाच सहीत येतात. बारा प्रवाशांपर्यंतच्या छोट्या सहलीच्या बोटींसाठी इंग्लंडातल्या नगरपरिषदा १९०७ च्या एका कायद्याखाली स्वतः परवाना देतात, बोटीला आणि चालवणाऱ्यालाही. त्याहून मोठी बोट असेल तर राष्ट्रीय यंत्रणा. लहान बोट गावाची, मोठी बोट देशाची, ही विभागणी आपल्या नव्या कायद्यातल्या स्थानिक संस्थांच्या प्रकरणाशी चांगली जुळते.

नागपूर परिसरात पाणी-पर्यटन वाढणारच आहे. गोसीखुर्दच्या अफाट जलाशयावर मोठा जलपर्यटन प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. खिंडसीला बोटिंगसाठी लोक कित्येक वर्षे जातात. नागपुरातला फुटाळा तर तिथल्या कारंज्यांच्या आणि तरंगत्या बांधकामांच्या वादाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे भांडण पाणथळ जागेचे होते. बोटींच्या दृष्टीने बघायचे ते गोसीखुर्दकडे, कारण तिथले पाणी रुंद आहे. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा वारा सुटला की अशा पाण्यावर किती लवकर लाट उठते हे उजनीने दाखवून दिले आहे. तिथे चालणाऱ्या बोटीची बांधणी अंबाझरीच्या पेडल बोटीसारखी असून चालणार नाही. म्हणून कोणते जलाशय कोणत्या क्षेत्रात मोडतात हे आधी अधिसूचनेने ठरवावे लागते. हवामान खात्याचा वादळी वाऱ्याचा इशारा आला की त्या दिवशी बोटी बंद, ही अट परवान्यातच छापलेली हवी.

जाकिटांबद्दल दोन शब्द. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत जाकिटे आहेतच. पण काठावर टांगलेली, उन्हाने विटलेली, बक्कल तुटलेली, आतला फोम चुरा झालेली जाकिटे 'आहेत' या सदरात मोजली जातात. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाला घातले तर पाण्यात पडल्यावर जाकीट वर येते आणि मूल त्यातून खाली निसटते. तपासणाऱ्याने जाकिटांची संख्या लिहून निघून जाऊ नये. एक उचलून पाण्यात टाकावे, बक्कल ओढून बघावे, मुलांची मापे किती ते वेगळे लिहावे.

सर्वेअरचा प्रश्न सोडवायला फार मोठे कार्यालय लागत नाही. मेरिटाइम बोर्डाने नागपूर विभागासाठी एक सर्वेअर आणि एक नोंदणी अधिकारी नेमला आणि तो ठरावीक तारखांना जलाशयांच्या काठी गेला, तर बोटमालकाला आपली बोट ट्रकवर घालून कुठे न्यावी लागणार नाही. चालकांच्या परीक्षाही काठावरच घेता येतील. ढीवर तरुणांना पोहणे, पाणी वाचणे, वारा ओळखणे हे शिकवावे लागत नाही. त्यांना दाखल्याची वाट मोकळी केली तर तलावावरची ही नोकरी त्यांच्याकडेच राहील, नाहीतर बाहेरून आलेला ठेकेदार आपली माणसे आणेल आणि पाण्याशी पिढ्यान्पिढ्यांचे नाते असलेला माणूस काठावर उभा राहून बघत बसेल.

कोराडीच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. हे पाणी वीज केंद्राच्या उपयोगाचे. डिझेल इंजिनाच्या बोटीतून सांडलेले तेल, तळातले घाण पाणी थेट तलावात जाणे इथे चालणार नाही. नव्या कायद्यात प्रदूषण रोखण्याचे नियम आहेत आणि बॅटरीवर चालणाऱ्या बोटींची वेगळी दखलही आहे. इथे बोट आलीच तर ती बॅटरीवरचीच असावी, असे महानिर्मितीने आजच ठरवायला हरकत नाही.

आणि हे सगळे सुरू करायला पर्यटनाच्या बोटीची वाट बघायचीही गरज नाही. विसर्जनाच्या दिवसांत बंदोबस्तासाठी आणि बचावासाठी ज्या बोटी या पाण्यात उतरतील त्यांच्यापासून सुरुवात करता येते. त्या सरकारी कामावर असतात, तारीख पंचांगाने आधीच ठरलेली असते, पाण्याचा मालक एकच आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी गणपती बसायच्या आधी मेरिटाइम बोर्डाचा सर्वेअर दोन दिवसांसाठी कोराडीला मागवावा, प्रत्येक बोटीचे वजन आणि ओळंबा करून घ्यावा, आलेला आकडा बोटीच्या दोन्ही कडांना मराठीत, वीतभर उंचीच्या अक्षरांत रंगवावा, आणि काठावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायाला त्या आकड्यापुढचा माणूस उतरवायचा लेखी अधिकार द्यावा.